तोंडाला वास येतो, हे सांगायचे कुणी?

काही दुखणी अशी असतात की ती ज्याला झाली त्यालाच ठाऊक नसतात, बाकी सगळ्यांना ठाऊक असतात. तोंडाला घाण वास येणे हे त्यातलेच. ताप आला तर कुणीही कपाळाला हात लावून सांगते. पाय सुजला तर शेजारीण विचारते. पण तोंडाला वास येतो हे बायको सांगत नाही, मित्र सांगत नाही आणि साहेब तर मुळीच सांगत नाही. आज मी माझीच गोष्ट लिहीत आहे. लिहिताना संकोच होतो. पण या संकोचापायी माझी दोन वर्षे गेली. वाचकांपैकी एखाद्याची जरी दोन वर्षे वाचली तरी लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

मी बारामतीला राहतो आणि इंदापूरच्या एका संस्थेत लेखनिक आहे. वय शेहेचाळीस, शिक्षण बी.कॉम. सकाळी एस.टी.ने काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असे करत इंदापूर गाठायचे आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परतायचे. रविवार विहारातल्या कामात जातो. हिशेब येतो म्हणून जयंती मंडळाचा खजिनदार मीच.

२०२४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. विहारात जयंतीची बैठक होती. वर्गणीची वही मी शेजारी बसलेल्या कार्यकर्त्याला दाखवत होतो. आकडा नीट दिसावा म्हणून त्याच्याकडे झुकलो, तसा तो मागे सरकला. मी आणखी झुकलो, तर त्याने वहीच माझ्या हातातून घेतली आणि उजेडात बघतो म्हणून खिडकीपाशी गेला. मला ते लागले. माझ्या हिशेबावर याचा विश्वास नाही, पुढल्या वर्षी याला स्वतःला खजिनदार व्हायचे आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

ऑफिसात तर त्याआधीच बिनसले होते. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी आहेत. त्यांना सगळे नाना म्हणतात. जातीने वरचे, पण माणूस मोकळा. अकरा वर्षे आम्ही दुपारचा डबा एकत्र खात होतो. माझ्या घरची सुकटीची चटणी त्यांना आवडायची आणि त्यांच्या घरची पुरणपोळी माझ्या मुलीसाठी आठवणीने यायची. तेच नाना हळूहळू वेगळे जेवायला लागले. कधी पोट बरे नाही म्हणायचे, कधी घाई आहे म्हणायचे. फाईल समजावून सांगायला मी जवळ गेलो की त्यांचा रुमाल नाकाशी जायचा. एकदा मी सर्वांसमोर बोललो, “नाना, अकरा वर्षांनी जात आठवली का?” नाना काहीच बोलले नाहीत. मान खाली घालून उठून गेले. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. पुढे आठ महिने एका भिंतीला दोन टेबले लावून आम्ही मुक्यासारखे बसलो.

माझे मन सरळ जातीकडे का गेले, हेही सांगायला हवे. माझे वडील बागाईतदाराच्या शेतावर कामाला होते. त्यांच्यासाठी गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप ठेवलेला असायचा. चहा वरून ओतायचे. चहा पिऊन झाला की वडील तो कप स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचे. लहानपणी मी तो कप पाहिला आहे. ज्याने असा कप पाहिला त्याला समोरच्याचे मागे सरकणे लगेच कळते. आमच्या मागच्या पिढ्यांनी ही नजर सोसून कमावली आहे आणि शंभरातल्या बऱ्याच वेळी ती खरीच ठरते. तेव्हा नजर चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पण माझ्या बाबतीत ती एका दुखण्यावर पांघरूण घालून बसली.

कारण घरी मुलगीही मागे सरकत होती. तिथे कुठली जात काढणार?

मुलगी तेव्हा सातवीत होती. रात्री मी तिला गणित शिकवायचो. एके दिवशी ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही समोर बसून सांगा ना. शेजारी नको.” मी विचारले, “का गं?” तिने आईकडे पाहिले. आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. मग मुलगीच म्हणाली, “तुमच्या तोंडाला लई वास येतो, पप्पा. मला मळमळतं.”

मला राग आला. तिच्यावर ओरडलो आणि ती रडत आत गेली. मग बायकोला विचारले, “खरं आहे का हे?” तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “दोन वर्षं झाली.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू? तुम्ही रोज दोनदा आंघोळ करता, कडक इस्त्री घालता. तुम्हाला वास येतो असं म्हणायला माझी जीभच उचलली नाही.”

बायकोच्या या बोलण्यावर मी रात्रभर विचार केला. आपल्या घरांतून स्वच्छतेचा केवढा दंडक असतो हे वाचकांना सांगायला नको. शाळेत जाताना आई डोक्याला तेल चोपडायची, एकच सदरा असला तरी रात्री धुऊन सकाळी घालायला लावायची. “कुणी नाव ठेवता कामा नये,” असे म्हणायची. आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या घाणेरडे म्हटले गेले. त्याचा परिणाम असा झाला की आम्ही स्वच्छ राहिलो, पण ‘वास’ हा शब्द आम्हाला सहन होईना. तो शब्द कुणी उच्चारला की जुनी शिवी कानावर पडल्यासारखे वाटते. म्हणून आपली माणसे तो उच्चारत नाहीत आणि दुसऱ्याने उच्चारला तर आपण भांडायला उठतो. मग जे साधे दुखणे आहे ते तसेच आत वाढत राहते.

विहारातला कार्यकर्ता, ऑफिसातले नाना आणि माझी मुलगी. एकाच व्हाउचरची मी तीन खात्यांवर नोंद केली होती. एकीकडे राजकारण, दुसरीकडे जात आणि तिसरीकडे पोरीचा आळस. ताळेबंद जुळणार कसा?

खरे तर खुणा कितीतरी होत्या. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग यायची. उशाशी तांब्या ठेवायचो आणि सकाळपर्यंत तो रिकामा व्हायचा. लघवीला तीन-तीनदा उठायचो. उन्हाळा आहे, आपल्या भागातले ऊन कडकच, असे म्हणून सोडून द्यायचो. पण दिवाळी गेली, थंडी पडली तरी तांब्या रिकामाच होत राहिला. सुकी भाकरी घशाखाली उतरत नसे, कालवणात भिजवावी लागे. बोलताना ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस जमायचा. यातले काहीही मी कुणाला सांगितले नाही.

मुलीने सांगितल्यावर मी जे केले तेही इतर शंभर जण करतात तेच. वास झाकायला लागलो. खिशात लवंग आणि वेलची ठेवली. जेवणानंतर बडीशेप. निमगाव केतकीला पानमळे आहेत, तिथली पाने आसपास मिळतात, म्हणून येता-जाता पानही सुरू झाले. शिवाय पेपरमिंटच्या गोळ्या. एस.टी.त बसलो की एक गोळी, उतरलो की एक आणि साहेबांनी बोलावले की एक. दिवसाला दहा-बारा गोळ्या व्हायच्या. तासभर बरे वाटायचे, मग पुन्हा तोंड कोरडे. पुढे जे निघाले ते पाहता या गोळ्यांचे आता हसू येते आणि भीतीही वाटते.

शेवटी बायकोनेच रजा टाकायला लावली आणि सरकारी रुग्णालयात दातांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी हातमोजे घातले, आरसा घेतला आणि म्हणाल्या, “जीभ बाहेर काढा.” जिभेच्या मागच्या बाजूवर पिवळट-पांढरा थर होता. हिरड्यांना बारीक हत्यार लावताच रक्त आले. त्या जवळ वाकून तपासत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जराही किळस नव्हती. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझ्या तोंडाशी इतके जवळ आले होते. माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही.

मग त्यांनी विचारले, “रात्री लघवीला किती वेळा उठता?” मी चमकलो. तोंडाचा आणि लघवीचा काय संबंध? दुसरा प्रश्न : “कुठल्या गोळ्या चालू आहेत?” एस.टी.च्या धुळीने मला शिंका येतात. त्यासाठी औषधाच्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळी मी वर्षभर रोज रात्री घेत होतो. बाईंनी दोन्ही गोष्टी केसपेपरवर लिहिल्या आणि म्हणाल्या, “उद्या उपाशीपोटी रक्त द्या.”

उपाशीपोटी साखर निघाली २१२. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी असते, एचबीएवनसी नावाची, ती निघाली ९.६. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्यापुढे आणि ही सरासरी ६.५ किंवा त्यापुढे गेली की मधुमेह समजतात. म्हणजे मला साखरेचा आजार होता, आणि वास मारायला मी दिवसभर साखरेच्याच गोळ्या चघळत होतो!

बाईंनी मला जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. आपल्या तोंडात लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. एक कानापुढे गालात, एक जबड्याखाली आणि एक जिभेखाली. यांतून दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ही लाळ घास भिजवते, दातांवर आलेले आंबट धुऊन काढते, जंतूंना आवर घालते आणि दातांना चुन्याचा अंश परत पुरवते. झोपेत लाळ अगदी कमी होते, म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला थोडा वास असतो. तो चूळ भरली, न्याहारी केली की जातो. पण लाळच आटली तर जिभेच्या मागच्या भागात आणि हिरड्यांच्या फटींत अन्नाचे कण कुजत राहतात. तिथले जंतू ते कण फोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात. तोच हा वास. लोकांना वाटते पोट खराब म्हणून तोंडाला वास येतो, पण बहुतेक वेळा त्याचे मूळ तोंडातच असते. मधुमेहात लघवीवाटे पाणी जास्त जाते, तोंड सुकते, हिरड्याही लवकर बिघडतात. बिघडलेल्या हिरड्या उलट साखर वाढवतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते. माझ्या बाबतीत दोन्ही एकत्र आले होते.

लाळेचे हे महत्त्व ऐकताना मला दुसरेच काही आठवत होते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधून हिंडावे, असा दंडक होता. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्याची नोंद केली आहे. ज्या थुंकीचा विटाळ मानला, तीच थुंकी प्रत्येकाच्या तोंडात रात्रंदिवस राखणदाराचे काम करते. ब्राह्मणाच्या तोंडात वेगळी आणि महाराच्या तोंडात वेगळी असा भेद ग्रंथींना ठाऊक नाही. आणि ती आटली की वासही सगळ्यांना सारखाच येतो. हे समजल्यावर माझ्या मनातली लाज निम्मी झाली. उरलेली निम्मी, बाबासाहेबांनाही मधुमेह होता हे आठवल्यावर गेली.

आता उपायांचे सांगतो. आधी घरातले. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. रात्रीचे घासणे जास्त मोलाचे, कारण रात्री लाळ राखणीला नसते. जीभ मागपर्यंत हलक्या हाताने खरवडावी, तांब्याची किंवा स्टीलची जिभली दहा-वीस वर्षे टिकते. काही खाल्ले की चूळ भरावी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या तर सुजलेल्या हिरड्यांना आराम पडतो. पाण्याचे घोट थोडे थोडे, दिवसभर घ्यावेत. एकदम तांब्याभर पिऊन उपयोग नाही. चावून खाण्याने लाळ सुटते, म्हणून काकडी, गाजर, मुळा, पेरू ही चांगली औषधे आहेत. बडीशेप चावायला हरकत नाही, पण साखरेची नको. लिंबाने लाळ सुटते खरी, पण लिंबाची फोड दिवसभर तोंडात धरली तर दातांचे कवच झिजते. लवंग-वेलचीने वास घटकाभर झाकला जातो, बरा होत नाही. बाजारातल्या काही गुळण्यांच्या औषधांत मद्यार्क असतो, त्याने तोंड आणखी सुकते. जेवणानंतरचा चहा, उपाशी राहणे, दारू आणि तंबाखू यांनीही तोंड कोरडे पडते. ज्यांना कवळी आहे त्यांनी ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. कवळी घालून झोपणाऱ्या आजोबांच्या तोंडाचा वास पेस्टने जात नाही.

घरच्या उपायांनी दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांवरचा कठीण थर तेच काढू शकतात, ब्रशने तो निघत नाही. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्यावीत. सर्दीच्या, रक्तदाबाच्या काही, मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी तोंड सुकते. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नये. डॉक्टर बदलून देतात किंवा वेळ बदलतात. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर त्याने मणी किंवा शेंगदाणा नाकात घातलेला असू शकतो, घरी चिमट्याने ओढू नये. आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला फळासारखा गोडसर वास येऊ लागला, सोबत उलट्या आणि जोरात श्वास असेल, तर एक तासही वाट पाहू नये, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. पैशाची अडचण म्हणून कुणी थांबू नये. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत केलेले आहेत.

माझी गोष्ट इथे संपली असती. पण उठताना डॉक्टरबाईंनी विचारले, “घरात कुणी मिश्री लावतं का?” मी म्हटले, “आई लावते.” त्या म्हणाल्या, “त्यांना घेऊन या.”

मिश्रीबद्दल आपल्या वाचकांना नवे काय सांगू? लहानपणी तव्यावर तंबाखू भाजल्याच्या वासाने माझी सकाळ व्हायची. आई ती भाजून, पाट्यावर वाटून डबीत भरायची. खुरपायला गेल्यावर बायका बांधावर बसून मिश्री लावायच्या. भूक मरते, काम उरकते, दात दुखत नाहीत, अशी कारणे सांगायच्या. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली, महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कुठला कायदा पोहोचणार? आणि गंमत अशी की आमच्या घरी मिश्रीला दात स्वच्छ करायची वस्तू मानत. तोंड स्वच्छ राहावे म्हणून आई पन्नास वर्षे तोंडात विष चोळत आली.

आई यायला तयार नव्हती. “माझं काय उरलंय आता? आणि तोंड काय परक्याला दाखवायचं?” असे म्हणाली. मग नातीने तिचा हात धरला आणि म्हणाली, “आजी, मी पप्पांना सांगितलं तेव्हा ते पण चिडले होते.” आई हसली आणि निघाली.

तिच्या डाव्या गालाच्या आत, जिथे ती मिश्रीचे बोट फिरवायची तिथेच, पांढरा चट्टा होता. बोटाने पुसला तर जात नव्हता. बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल यायला लागलेले दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवले नाही. अहवाल आला. कॅन्सर नव्हता. पण मिश्री चालूच राहिली तर हाच चट्टा कॅन्सरच्या वाटेने जाऊ शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे, या तीन गोष्टी कुणाच्याही तोंडात दिसल्या तर त्याच आठवड्यात दाखवावे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे आरशापुढे कुणालाही पाहता येते. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्या पोरांनी हे जरूर करून बघावे.

आईने मिश्री एका दिवसात सोडली नाही. पहिले आठ दिवस चिडचिड, डोकेदुखी, नातीवर राग. मग डबीत भाजलेली बडीशेप भरली. तरी दोनदा शेजारणीकडून चोरून मिश्री लावलेली सापडली. दर तीन महिन्यांनी मी तिला तपासायला नेतो. चट्टा वाढलेला नाही. तिचा दात दुखायला लागला तेव्हा कळले की मिश्रीने दात बरे होत नव्हते, नुसते बधिर होत होते. किडलेला दात आता काढून टाकला आहे.

माझे म्हणाल तर मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. संध्याकाळी शेवटच्या दोन थांब्यांआधी उतरून चालत घरी येतो. सर्दीची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आणि एस.टी.त तोंडाला रुमाल बांधायला सांगितले. हिरड्या साफ करून घेतल्या. रात्री आता एकदाच उठतो. एचबीएवनसी ७.१ वर आले आहे. मुलगी गणितासाठी पुन्हा शेजारी बसते.

या सगळ्यात मी विनयपिटकातली एक गोष्ट पुन्हा वाचली. भगवान बुद्ध मोठ्या संघापुढे धम्म सांगत होते. एका भिक्खूने लसूण खाल्ली होती. आपल्या वासाचा इतरांना त्रास नको म्हणून तो बिचारा लांब, एका बाजूला बसला. भगवंतांची नजर त्याच्यावर गेली. तो भिक्खू लांब का बसला आहे, असे त्यांनी इतरांना विचारले. कारण कळल्यावर, ज्यामुळे माणूस धम्मश्रवणाला दुरावतो अशी गोष्ट खावी का, असा त्यांचा प्रश्न होता. मग लसूण वर्ज्य ठरली. पुढे सारिपुत्तांना पोटदुखी झाली आणि लसणीने बरे वाटते असे कळले, तेव्हा आजारात ती खायला परवानगीही दिली. भगवंतांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिली, त्याचेही कारण नोंदवलेले आहे. दातवण न केल्याचे जे पाच तोटे सांगितले आहेत त्यांत तोंडाची दुर्गंधी हा एक आहे.

मला त्या गोष्टीतला प्रश्न मोलाचा वाटतो. एवढ्या मोठ्या सभेत एक माणूस लांब बसला आहे, हे भगवंतांच्या नजरेतून सुटले नाही आणि त्यांनी विचारले. माझ्या बाबतीत दोन वर्षे कुणी विचारले नाही आणि मीही कुणाला विचारले नाही. सातवीतल्या मुलीने मात्र ते सांगितले.

मागच्या वर्षी वर्षावासात एका रविवारी मी विहारात उभा राहून हे सगळे सांगितले. सुरुवातीला पोरे हसली. मग महिलांच्या बाजूने एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “माझं तोंड रात्री वाळून खडखडीत होतं, मी म्हटलं वयामुळं असेल.” त्यांच्यामागे आणखी चौघी बोलल्या. ऊसतोडीला जाऊन आलेली एक बाई म्हणाली, “फडात आडोसा नसतो, म्हणून आम्ही दिवसभर पाणीच पीत नाही.” त्यावर बराच वेळ कुणाला बोलता येईना. कोरड्या तोंडाला डॉक्टरांकडे औषध आहे, पण आडोशाला औषध आपल्यालाच मागावे लागेल. तो अर्ज मी लिहायला घेतला आहे. त्या दिवशी वर्गणीची वही घेऊन खिडकीपाशी गेलेला कार्यकर्ताही बसला होता. शेवटी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “जयभीम. मला त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं.” मी म्हटले, “मी ऐकलं नसतं.”

सांगायचे कसे, हा प्रश्न अनेकांनी विचारला. माझ्या अनुभवाने सांगतो. चारचौघांत सांगू नये. ‘घाण’ हा शब्द वापरू नये. एकटे गाठून, ‘तुमचं तोंड सुकतं का, एकदा दाखवून घ्या’ एवढेच म्हणावे. दुखणे म्हणून सांगितले की माणूस दुखणे म्हणून ऐकतो. पहिल्यांदा राग येईल, तो सोसावा.

नानांकडे मी स्वतः गेलो. दुपारी डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी उभा राहिलो आणि म्हटले, “नाना, चुकलो. मला साखर निघाली.” ते म्हणाले, “अहो, जिवावर यायचं सांगायला. तुम्हाला वाटेल हा जातीवरून बोलतोय, म्हणून तोंड उघडलं नाही. तुम्ही शेवटी तेच म्हणालात.” आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. वडिलांचा तो कान तुटलेला कप माझ्या डोळ्यांपुढे होता. त्यांच्या डोळ्यांपुढे काय होते ते मी विचारले नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि डबा उघडला.

त्यांच्या डब्यात पुरणपोळी होती. मी अर्धीच घेतली.